इंग्रजीतून आलेला होकार

"डेस्परेट!" अण्णा अंगणातूनच ओरडले. एका हातात सायकल, दुसऱ्या हातात पत्र. सायकल भिंतीला टेकवायचं राहून गेलं आणि ती त्यांच्या मागे धाडकन आडवी झाली, तरी त्यांनी वळून बघितलं नाही. "अगं, ऐकलंस का? मुलगा डेस्परेट आहे!"

आई हात पुसत स्वयंपाकघरातून आली. "अगं बाई! त्या दिवशी तर चांगला दिसत होता. डॉक्टरला दाखवलंय का त्यांनी?"

"आजार नव्हे तो. इंग्रजी शब्द आहे. डेस्परेट म्हणजे जिवावर उदार झालेला. आता नाही तर कधीच नाही, अशी अवस्था. आमच्या कोर्टात फरारी आरोपीला लावतात हा शब्द."

"फरारी?" आई खालीच बसली.

ही १९७९ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. आम्ही बार्शीला राहत होतो. अण्णा कोर्टात नाझर होते. समन्स, जप्त्या आणि कोर्टातल्या खुर्च्या-टेबलं अशा सगळ्यांवर त्यांची हुकमत चाले. त्याहून जास्त अभिमान त्यांना स्वतःच्या इंग्रजीचा होता. घरात डिक्शनरी नव्हती. ती ठेवणं म्हणजे धडधाकट माणसानं कुबडी घेणं, असं त्यांचं मत होतं.

मी चोवीस वर्षांची होते. मराठी घेऊन बी. ए. झालेली, प्राथमिक शाळेत शिक्षिका आणि वर्षातून एकदा हौशी नाटकात काम करणारी. आधीची दोन स्थळं मोडली होती. एकाला मी सावळी वाटले, दुसऱ्याला बोलकी. हे तिसरं. मुकुंद काळदाते, शिक्षण शेतकीचं, नगर जिल्ह्यातल्या एका संशोधन केंद्रात माती तपासण्याची नोकरी.

आठवड्यापूर्वीच तो मला बघून गेला होता. सोबत त्याचे मामा होते आणि सगळं बोलणं मामांनीच केलं. त्यांनी मला आवड विचारली. मी नाटक म्हणाले. ते म्हणाले, सांगा की एखादी गंमत. मग मी सोलापूरच्या स्पर्धेत आमचा पडदा अर्ध्यावर अडकला, आणि नायकाचे फक्त पाय दिसत असताना त्यानं प्रेमाचं भाषण कसं केलं, ते सांगितलं. सगळ्यांचे आवाज काढून सांगितलं. मामा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मुलगा जमिनीकडे बघत होता. तासाभरात तो एकच वाक्य बोलला, तेही निघताना, चपला घालता घालता.

"तुमच्या तुळशीची माती चोपण झालीये."

तो गेल्यावर आईनं तुळशीला दोनदा नमस्कार केला. मी म्हणाले, "आई, हा मुलगा नको. माणूस आहे की मातीचा ढिगारा?"

आणि आज हा ढिगारा डेस्परेट झाला होता.

अण्णांनी कोट न काढता पत्र वाचायला घेतलं. एक वाक्य इंग्रजीत आणि मागोमाग मराठीत, साक्षीदाराला जबानी वाचून दाखवावी तसं. "युअर डॉटर अँड आय आर डेस्परेट. म्हणजे, तुमची मुलगी आणि मी, दोघंही डेस्परेट आहोत."

"मी?" मी म्हणाले. "मी कधी झाले?"

"त्याला दिसलं असेल ते. शास्त्रज्ञ आहे, निरीक्षण दांडगं असणार. पुढं ऐक. हे मला समक्ष बोलता आलं नाही, म्हणून लिहितो आहे. बघा, किती लाजाळू! आणि शेवट काय? कृपा करून आता वेळ दवडू नका."

"वेळ दवडू नका म्हणतोय?" आईचा चेहरा एकदम उजळला. "भारीच घाई दिसते की."

"तेच तर डेस्परेट!" अण्णा म्हणाले आणि त्यांनी पत्र कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. ते नंतर माझ्या हाती लागलंच नाही. दुसऱ्या दिवशी ते कोर्टात वाचलं गेलं, वकिलांच्या खोलीत वाचलं गेलं, भगवंताच्या देवळात पुजाऱ्यालाही ऐकवलं गेलं. अण्णांनी पेढे वाटले. "मुलगा शिकलेला, सरकारी नोकरी, आणि वर डेस्परेट," असं ते ज्याला त्याला सांगत. पुजाऱ्याला ती कसली तरी पदवी वाटली.

आता माझं सांगायला हवं. मला हा मुलगा नको होता, हे मी वर सांगितलंच. पण आपल्यासाठी कुणीतरी जिवावर उदार झालाय, हे एकदा कानावर पडलं की माणूस पहिल्यासारखा राहत नाही. आणि तोही असा, ज्याच्या तोंडून तासाभरात एक वाक्य निघतं! म्हणजे आत केवढं साठलं असेल! मला तो दिसायला लागला. काचेच्या नळीत माती आणि पाणी घालून हलवतोय, मध्येच थांबतोय, खिडकीबाहेर बघतोय. जमिनीकडे बघत होता ते लाजून, हे आता मला स्वच्छ कळलं. मी चौथीच्या वर्गाला एक गणित घातलं आणि उत्तर न ऐकताच "शाब्बास" म्हणाले. तुळशीची माती बदलली. चोपण म्हणजे काय, तेही शाळेतल्या शिपायाला विचारून घेतलं. खारवटलेली, पाणी धरून बसणारी, घट्ट माती. त्यातसुद्धा मला काहीतरी सूचक वाटलं.

अण्णांनी उत्तर लिहिलं ते मोठ्यानं वाचत. "युअर डेस्परेट कंडिशन इज ड्यूली नोटेड. आपली अगतिक अवस्था नोंदवून घेतली आहे."

"अण्णा, अवस्था वगैरे कशाला?"

"तू गप्प. माय डॉटर इज इक्वली डेस्परेट."

"अण्णा! हे नका लिहू!"

"कायद्यात दोन्ही पक्षांची संमती लागते," अण्णा म्हणाले आणि पाकीट चिकटवलं. खरं सांगायचं तर मी पाकीट हिसकावून घेऊ शकले असते. घेतलं नाही.

पत्र गेलं आणि चौथ्या दिवशी, रविवारी सकाळी, मुकुंद काळदाते स्वतःच दारात उभा राहिला. एकटा. अंगावर एस. टी.ची धूळ, हातात कापडी पिशवी, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी आणि जड. चेहरा असा की परीक्षेचा निकाल ऐकायला आलाय.

"आलेच!" अण्णा आतल्या दिशेनं ओरडले. "राहवलं नाही बघ. स्वतःच आले!"

पुढं जे झालं ते त्याला थांबवता येण्यासारखं नव्हतं. आईनं पायांवर पाणी घातलं, ओवाळलं, कपाळाला कुंकू लावलं, तोंडात साखर घातली. तो "मला जरा" एवढं म्हणाला तेव्हा त्याच्या तोंडात साखर होती. ती विरघळल्यावर तो "तुमचं पत्र" म्हणाला, तर अण्णा म्हणाले, "पोचलं ना? सगळं कळलं ना? मग झालं तर." तिसऱ्यांदा त्यानं पिशवीवर हात ठेवून "मी हे दाखवायला" असं सुरू केलं, तेव्हा आई लगबगीनं म्हणाली, "आम्हाला काय दाखवायचं त्यात! हिला दाखवा. नेसायची तिला आहे."

पिशवीत साडी आहे, हे आईनं आकारावरून ठरवलं होतं. अण्णा म्हणाले, आपण जुन्या विचारांचे नाही, दोघांना मोकळेपणानं बोलू द्या. आणि आमची दोघांची रवानगी गच्चीवर झाली. गच्चीवर आईनं मिरच्या वाळत घातल्या होत्या. त्या ओलांडून आम्ही पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभे राहिलो. मी माझी निळी नारायणपेठ नेसले होते आणि नाटकात कामाला येणारं मंद हसू चेहऱ्यावर ठेवलं होतं.

त्यानं पुडकं सोडलं. आत डिक्शनरी निघाली.

एका पानात कडुनिंबाची काडी खुणेला घातलेली. त्यानं पान उघडून माझ्यापुढं धरलं आणि एका शब्दाखाली बोट ठेवलं. "हा," तो म्हणाला. "मी हा शब्द लिहिला होता. डिस्परेट. डी, आय. तुमच्या वडिलांनी दुसराच वाचला. डी, ई."

"म्हणजे?"

"म्हणजे वेगळे. मुळातच वेगळे. तुलनासुद्धा करता येऊ नये इतके वेगळे."

मी हिशेब जुळवत उभी राहिले. तुमची मुलगी आणि मी अगदी वेगळे आहोत. हे मला समक्ष बोलता आलं नाही. कृपा करून आता वेळ दवडू नका.

मंद हसू चेहऱ्यावरून काढायचं मला सुचलंच नाही. ते बराच वेळ तिथंच राहिलं असणार, कारण तो घाबरून म्हणाला, "तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

"नकार होता तो," मी म्हणाले.

"हो."

"नऊ दिवस झाले. आमच्याकडे पेढे वाटून झाले. मी तुळशीची माती बदलली."

"कोणती घातली?" त्यानं पटकन विचारलं आणि लगेच जीभ चावली.

माझा पारा चढला. "नकार द्यायचा होता तर मराठीत द्यायला काय झालं होतं?"

"मराठीत लिहिला असता तर तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आणि आता मला गुदगुल्या होतायत!"

तो खाली बघायला लागला. खाली मिरच्या होत्या. मग त्यानं बोलायला सुरुवात केली. आधी अडखळत, मग नळाला हवा जाऊन पाणी लागावं तसा. म्हणाला, घरी तो आणि त्याचे वडील दोघंच. आई जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून घरात दिवसाला दहा-बारा वाक्यं बोलली जातात, त्यातली निम्मी म्हशीला. "तुम्ही त्या दिवशी बोलत होतात. पडदा, पाय, ते भाषण. मला हसू आवरत नव्हतं, म्हणून खाली बघत होतो. मग मनात आलं, ही मुलगी आपल्या घरात आली तर महिन्याभरात गप्प होईल. आमच्या घराची सवयच तशी आहे. ते पाप नको."

"मग तसंच लिहायचं."

"लिहायला बसलो होतो. पण मराठीत 'आपण जुळत नाही' म्हटलं की त्यात कुणीतरी उणं ठरतं. कोण कमी, कोण जास्त, असं वाचलं जातं. मी चार दिवस शब्द शोधत होतो. हा सापडला." त्यानं पुन्हा डिक्शनरी पुढं केली. "पुष्कळांना वाटतं, हा शब्द 'असमान' या अर्थाच्या शब्दातून आलाय. त्या दोन शब्दांची सरमिसळ झालीच पुढं. पण मूळ ते नाही. इथं दिलंय बघा. लॅटिन आहे. डिस म्हणजे वेगवेगळं आणि पारारे म्हणजे तयार करणं. वेगवेगळं तयार झालेलं, एवढंच. त्यात वरचढ कुणी नाही. काळी माती आणि तांबडी माती घ्या. खडक वेगळा, पाऊस वेगळा, तयार व्हायची रीत वेगळी. काळीत कापूस येतो, तांबडीत भुईमूग. तांबडी कमी का? कोण म्हणेल कमी? आता कोकणातली जांभ्याची माती घेतली तर…"

त्यानं जांभ्याची माती घेतली. मग गाळाची घेतली. चोपण माती कशी सुधारतात, तेही सांगितलं. ऊन सरकत टाकीच्या या बाजूला आलं. मी मध्ये एकदाही बोलले नाही, आणि हे माझ्या आयुष्यात तोवर कधी घडलं नव्हतं.

"काळदाते," शेवटी मी म्हणाले, "तुम्ही अर्धा तास बोलताय."

तो दचकला. घड्याळ बघितलं. "विषय शब्दाचा होता म्हणून," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

खालून अण्णांची हाक आली. आम्ही उतरलो. जिन्यात मी म्हणाले, "आता खाली जाऊन हेच सांगायचं. मराठीत." त्यानं मान हलवली.

अण्णा पंचांग उघडून बसले होते. आईनं साडी बघायला हात पुढं केला आणि तिच्या हाती डिक्शनरी आली. तिनं ती उलटीसुलटी करून बघितली आणि आदरानं देवाजवळ नेऊन ठेवली.

"बोला, मुकुंदराव," अण्णा म्हणाले. "पौषात मुहूर्त नाही. माघातला धरायचा का?"

मुकुंदनं तोंड उघडलं, मिटलं आणि पुन्हा उघडलं. "मी त्या पत्रात जे…"

"डेस्परेट!" अण्णांनी त्याची अडचण सोडवली. "समजतं हो आम्हाला. आम्हीही कधीकाळी तरुण होतो."

त्यानं माझ्याकडे बघितलं. या माणसाकडून हे होणार नाही, हे मला कळलं. आणि न झालं तर तो गपगुमान माघातल्या मुहूर्तावर मुंडावळ्या बांधून उभा राहील, हेही कळलं. तसा नवरा मला नको होता. मी देवाजवळची डिक्शनरी आणली, काडी होती ते पान उघडलं आणि अण्णांच्या पुढ्यात ठेवलं.

"अण्णा, पत्रात हा शब्द आहे. तुमचा नाही. त्यांनी नकार कळवला होता."

अण्णांनी चष्मा लावला. पान वाचलं. मग कोटाच्या खिशातून पत्र काढलं, उलगडलं आणि दोन्ही शेजारी ठेवून एकेक अक्षर बोटानं ताडून बघितलं. बावीस वर्षं कागद ताडून बघणारा माणूस तो. आई एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. बाहेर कुणीतरी बोहारीण ओरडत गेली.

"आय आहे," अण्णा म्हणाले. अगदी हळू. मग ते उठले, कोटाचं बटण लावलं आणि मुकुंदपुढं हात जोडले. "चूक आमच्याकडून झाली. तुम्हाला नाहक त्रास झाला, साहेब. माफी असावी."

अण्णांनी जज्जसाहेबांखेरीज कुणाला साहेब म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मुकुंद ताडकन उभा राहिला.

"तुम्ही आधी बसा," तो म्हणाला. "बसा ना. माझंही चुकलं."

"तुमचं कसलं? स्पेलिंग बरोबर आहे."

"स्पेलिंग बरोबर आहे. पण मी नमुना एकच घेतला होता." त्याला घाम फुटला होता. "आमच्याकडे एका नमुन्यावर जमिनीचा निष्कर्ष काढत नाहीत. निदान सहा घ्यावे लागतात, वेगवेगळ्या ठिकाणचे. मी एका तासाच्या एका भेटीवर लिहून मोकळा झालो. आता वर गच्चीत… म्हणजे मला शंका आलीये."

अण्णांना काही कळेना. "म्हणजे होकार आहे की नकार?"

"पुन्हा तपासावं लागेल," मुकुंद म्हणाला.

"आणि नमुने घ्यायला परवानगी कुणी दिली?" मी म्हणाले. आवाज नाटकातला लागला, त्याला इलाज नव्हता. "नऊ दिवसांत मला एकानंही विचारलं नाही. एकानं मला परस्पर वेगळी ठरवलं, दुसऱ्यानं परस्पर डेस्परेट. मी कोण आहे ते मी सांगेन. सहा नमुने हवेत ना? सहा पत्रं लिहा. मराठीत. मी उत्तरं देईन. मग मी ठरवेन."

मग आई म्हणाली, "सगळं खरं, पण पुरणाचा स्वयंपाक झालाय. आधी जेवून घ्या. कोण कुणाचं, ते नंतर बघू."

तो पाच पोळ्या जेवला. बोलला एकच वाक्य. कटाच्या आमटीत मीठ बरोबर आहे, असं. आईनं ते प्रमाणपत्रासारखं पुढं अनेकांना सांगितलं.

त्याची सहा पत्रं आली. सगळ्यात मोठं अकरा ओळींचं होतं. माझी उत्तरं आठ-आठ पानांची. पाचव्या पत्रात त्यानं एवढंच लिहिलं होतं की, तुमचं पत्र आलं की वडील चष्मा पुसून ठेवतात आणि मी मोठ्यानं वाचतो. तेव्हाच माझं ठरलं होतं, पण मी सहावं येऊ दिलं. करार म्हणजे करार. वैशाखात लग्न झालं. कोर्टात अण्णांनी पुन्हा पेढे वाटले. मधल्या काळात काय झालं, हे कुणी विचारलंच तर म्हणायचे, "मॅटर रिमांड झालं होतं. फेरतपासणीला."

सासरी पहिल्या संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो. सासरे, तात्या, कालव्यावर पाटकरी होते. पाणी सोडायचं आणि बंद करायचं, यात त्यांचा जन्म गेलेला. भाकरी मोडल्याचा आवाज ऐकू येईल अशी ती शांतता मला सोसेना. मी आमच्या शाळेतल्या हेडमास्तरणीबाईंची गोष्ट काढली. साहेब तपासणीला येणार म्हणून त्यांनी शाळेत शेजारच्या गावची मुलं आणून बसवली होती, ती. आवाज काढून सांगायला लागले. दोघंही मान खाली घालून जेवत होते. कुणी हसलं नाही, कुणी हूं म्हटलं नाही. साहेब फाटकातून आत येतात तिथपर्यंत पोचले आणि मला ओशाळल्यासारखं झालं. मी थांबले. दोघं उठले, हात धुतले, निजायला गेले.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, आता गप्प राहायचं. या घराची रीत आहे, तीच आपली. सकाळ गप्प गेली, दुपार गेली. संध्याकाळी तिघं ताटावर बसलो. भाकरी मोडल्याचा आवाज. मी आमटीत बघत होते.

तात्यांनी घास ताटात परत ठेवला. माझ्याकडे न बघता, भिंतीकडे बघत घसा खाकरला.

"मग?" ते म्हणाले. "साहेब आत आला. पुढं काय झालं?"

मी मुकुंदकडे बघितलं. तोही हात थांबवून बसला होता. त्यानं काही न बोलता पाण्याचा तांब्या माझ्या बाजूला सरकवला.